फुरसतीची गढी

साओ पावलोच्या पश्चिम भागातल्या पोंपेया वस्तीत, रुआ क्लेलिया या रस्त्यावर, १९३८ साली विटांच्या शेडचा एक कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे पिंपं तयार होत, पुढे रॉकेलवर चालणारे फ्रिज. १९७१ मध्ये ‘सेस्क’ या संस्थेनं ती जागा विकत घेतली. जुनं पाडून नवं बांधायचं, असाच सुरुवातीचा विचार होता. मोठ्या शहरांत दुसरं काही सहसा सुचत नाहीच. १९७६ मध्ये लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंना बोलावणं गेलं. पहिल्या भेटीत त्यांची नजर रिकाम्या शेडच्या सांगाड्यावर खिळली. काँक्रीटचे सडपातळ खांब आणि तुळया पाहून त्यांनी ओळखलं, की ही बांधणी फ्रान्सच्या हेनेबिकनं रूढ केलेल्या पद्धतीची आहे. प्रबलित काँक्रीटच्या बाल्यावस्थेतली ती पद्धत. वास्तुरचनाकाराला हरखून जायला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या खेपेला त्या शनिवारी गेल्या. शेडमध्ये मुलं धावत होती. फुटक्या छपरातून गळणाऱ्या पावसात पोरांचा फुटबॉल रंगला होता आणि साचलेल्या पाण्यात लाथ बसली की हशा पिकत होता. रस्त्याच्या तोंडाशी आया निखाऱ्यांवर मांस भाजत होत्या. जवळच बाहुल्यांचा खेळ चालू होता. हे आहे हे असंच चालू राहिलं पाहिजे, असं लीनाबाईंनी मनाशी ठरवलं. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी हे ‘असंच’ टिकवण्यासाठी बांधकाम केलं.

त्या शनिवारी त्यांनी पाहिलं ते नेमकं काय होतं? आठवडाभर राबलेली माणसं सोमवारसाठी दम खात होती, की ज्याच्यासाठी आठवडाभर राबायचं ती गोष्टच तिथे चालू होती? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण उत्तर कुठलं द्याल त्यावर इमारतीची भिंत, खिडकी आणि खुर्ची ठरते. पोंपेयाचं हे केंद्र पाहण्यासारखं आहे ते त्यामुळे. तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षं ज्याचा काथ्याकूट केला त्या प्रश्नावर इथे काँक्रीटमध्ये बाजू घेतलेली आहे.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात आपली बाजू मांडली. माणूस लढाई करतो ती शांततेसाठी आणि काम करतो ते फुरसतीसाठी. ‘पॉलिटिक्स’मध्ये तो आणखी पुढे जातो. खेळ, करमणूक ही श्रमांवरची मात्रा आहे, थकव्यावर औषध म्हणून घ्यावी. फुरसतीची जागा मात्र वेगळी, तिच्यात सुख आधीच आहे. विचार देखणा आहे. फक्त तो करणाऱ्याच्या घरी पाणी भरायला गुलाम होते आणि गुलामाच्या वाट्याला फुरसत नसते हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

आपल्याकडे हाच पेच ईश्वराच्या निमित्तानं पडला. ब्रह्म जर पूर्ण आहे तर त्यानं जग निर्माण करण्याची उठाठेव कशाला केली? काही हवं होतं म्हणावं तर पूर्णत्वाला बाध येतो. काही नको होतं म्हणावं तर कृतीला कारण उरत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातलं उत्तर आहे: लीला. तिथल्या भाष्यात शंकराचार्यांनी दोन दाखले दिले. एक, सर्व इच्छा पुरलेला राजा, जो तरीही क्रीडेत रमतो. दुसरा, श्वासोच्छ्वास, जो कुठल्याही हेतूवाचून चालू राहतो. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’तला चैतन्याचा विलास याच कुळातला. हेतू नसलेली कृती ही कमअस्सल तर नाहीच, उलट सर्वांत वरची, असं म्हणण्याचं धाडस या परंपरेनं केलं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अथेन्समध्ये काय किंवा वेदांतात काय, दाखल्यासाठी निवडलेला खेळणारा माणूस धनी असतो. कारकून, हमाल, दुकानात कापडाचे तागे उलगडून दाखवणारा नोकर यांचा रिकामा वेळ तत्त्वज्ञानात सहसा येत नाही. आलाच तर शिस्तीचा प्रश्न म्हणून येतो.

धर्मानं मात्र इथे तत्त्वज्ञांवर मात केली. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात सातव्या दिवसाची आज्ञा आहे. त्या दिवशी मालकानं काम करायचं नाही. मुलामुलींनी, दासदासींनी, गुराढोरांनी आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानंही नाही. विसाव्याच्या हक्कदारांत बैलाचं नाव घालणारा कायदा ॲरिस्टॉटलला विचित्र वाटला असता. अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू विचारवंतानं १९५१ साली ‘द सबाथ’ या छोट्या पुस्तकात हा मुद्दा फार सुंदर उलगडला. देवळं-राजवाडे जागेत बांधले जातात, ज्यूंनी पावित्र्य आधी काळात बांधलं, असं त्याचं सांगणं.

मुंबईच्या गिरण्यांत ही लढाई आज्ञेनं सुटली नाही, संघटनेनं सुटली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं मागणीपत्र सरकारी कमिशनपुढे ठेवलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, ठरल्या वेळी पगार, अशा त्या मागण्या. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा सुट्टी त्या दिवशीच हवी, हा लोखंड्यांचा युक्तिवाद आजही सांगितला जातो. इंग्रजांचा देव आणि जेजुरीचा देव एकाच वारावर येऊन भेटले आणि फायदा साच्यावरच्या माणसाचा झाला.

तर मिळाला रविवार. त्याचं करायचं काय आणि तो घालवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. त्याला उत्तर देणारे बहुतेक वेळा मालकच निघाले.

सेस्कही त्यांतलीच. वाणिज्य क्षेत्रातल्या कामगारांसाठीची ही समाजसेवा संस्था १९४६ साली सरकारी हुकमानं स्थापन झाली. व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांनी पगारपत्रकाच्या दीड टक्का रक्कम तिला द्यायची, कारभार मात्र धंदेवाल्यांच्या महासंघाच्या हातात. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, संपांची आणि साम्यवादाची धास्ती होती आणि मालकांच्या तोंडी ‘सामाजिक शांतता’ हा शब्द खेळत होता. म्हणजे कामगारानं खेळावं, पोहावं, नाटक पाहावं आणि युनियनच्या सभेला जाऊ नये, असा हिशेब त्यात नव्हताच असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंतानं १९६९ च्या आपल्या एका व्याख्यानात मोकळ्या वेळेवर हाच आरोप ठेवला. मोकळा वेळ ही कामाचीच सावली आहे, माणसाला पुन्हा कामाला जुंपण्याची तयारी आहे. तुमचा छंद कोणता, या प्रश्नाचाही त्याला राग यायचा. संगीत आणि वाचन हे त्याचं जगणंच होतं. त्यांना छंद म्हणणं त्याला अपमानास्पद वाटे.

अडोर्नोचा आरोप खोडून काढणं कठीण आहे. त्यातून ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. खुद्द लीनाबाईंचं साल्वादोर शहरातलं संग्रहालयाचं काम त्या उठावानंतर संपलं होतं. मालकांचा पैसा, वर हुकूमशाही, आणि काम नेमकं कामगारांच्या करमणुकीचं. एखाद्या तत्त्वनिष्ठ डाव्या माणसानं नकार दिला असता. लीनाबाई डाव्या होत्या, पण त्यांनी होकार दिला. त्यांचे नकार आले ते इमारतीच्या आत.

पहिला नकार नावाला. अशा जागेला ‘सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र’ म्हणण्याचा रिवाज होता. लीनाबाईंना दोन्ही शब्द नकोसे होते. संस्कृती म्हटलं की माणूस अवघडतो, आपल्याला काहीतरी उच्च ग्रहण करायचं आहे अशा दडपणाखाली येतो. क्रीडा म्हटलं की स्पर्धा आली, आणि स्पर्धा तर समाजात आधीच उदंड. त्यांना हवं होतं साधं फुरसतीचं केंद्र, जुन्या कारखान्याचं नाव न पुसता. म्हणून ‘पोंपेयाचा कारखाना’ हे नाव पाटीवर राहिलं. केंद्राच्या बोधचिन्हात त्यांनी धुराडं काढलं आणि त्यातून धुराऐवजी फुलं बाहेर पडताना दाखवली. शेडच्या भिंतींवरचा गिलावा वाळूच्या माऱ्यानं खरवडून काढला, तेव्हा आतली वीट उघडी पडली. मजूर, मुकादम आणि आर्किटेक्ट एकाच आवारात वावरत होते. आंद्रे वाइनर आणि मार्सेलो फेराझ या तरुण सहकाऱ्यांसह लीनाबाईंनी आपलं कार्यालयच बांधकामावर थाटलं होतं. १९८२ मध्ये शेडचा भाग खुला झाला, १९८६ मध्ये खेळाचे मनोरे.

मोठ्या शेडमध्ये आज शिरलं तर काय दिसतं? मधोमध एक मोठी शेकोटी. फरशीतून नागमोडी वळणं घेत जाणारं उथळ पाणी, ज्याला नाव दिलं आहे साओ फ्रान्सिस्को नदीचं. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्येला जगवणारी ही नदी आणि साओ पावलोतले लक्षावधी मजूर त्या ईशान्येतूनच आलेले. कुणी पेपर वाचतं, कुणी पत्ते कुटतं, म्हातारी माणसं बुद्धिबळाच्या पटावर तासन्‌तास बसतात, एखादं मूल पाण्यात हात घालून बसतं. काँक्रीटच्या उंचवट्यांवर पुस्तकं आणि वाचनाच्या जागा आहेत, भिंत घालून वेगळं केलेलं वाचनालय नाही. उपाहारगृहात लांबलचक सामाईक टेबलं, म्हणजे अनोळखी माणसाच्या शेजारी जेवायला बसणं आलंच. पलीकडच्या शेडमध्ये मातीकाम, छपाई, विणकामाच्या कार्यशाळा. त्यांच्या आडभिंती काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आणि छपरापर्यंत न पोचणाऱ्या. इथे काय करायचं असतं, असं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर मिळत नाही. ते मिळू नये अशीच रचना आहे.

खेळाच्या मनोऱ्यांची कथा याहून मजेशीर. जागेच्या मागच्या बाजूनं आग्वास प्रेतास, म्हणजे काळ्या पाण्याचा ओढा, जमिनीखालून वाहतो. त्याच्यावर बांधायला मनाई. दोन्ही कडांना उरलेले तुकडे लहान. तेव्हा लीनाबाईंनी एका बाजूला जाडजूड मनोरा उभा केला: तळाला पोहण्याचा तलाव आणि त्यावर एकावर एक रचलेली चार क्रीडांगणं. दुसऱ्या बाजूला सडपातळ मनोरा, त्यात कपडे बदलण्याच्या खोल्या, व्यायामाच्या आणि नाचाच्या जागा. दोघांना जोडणारे काँक्रीटचे पूल चार पातळ्यांवर, कुठे सरळ, कुठे दुभंगून दोन दारांना भिडणारे. म्हणजे कपडे बदलायचे एका इमारतीत आणि खेळायला जायचं दुसरीत, तेही उघड्या हवेतून, पाऊस असेल तर पाऊस झेलत. ओढ्यावरच्या पट्ट्यावर लाकडी फळ्यांचा लांब मंच टाकला. समुद्र नसलेल्या या शहरातले लोक त्याला किनारा म्हणून वापरतात, अंग टाकून ऊन खातात. अडचणीचं असं सोनं करणारे आर्किटेक्ट थोडे. कार्यक्षमता मोजणाऱ्या एखाद्या सल्लागाराला हे पूल दाखवले तर तो पहिल्या तासात रद्द करेल. पण त्या पुलांवर वेळ ‘वाया जातो’ तो पोहणारा, धावणारा, नाचणारा एकमेकांना भेटण्यात. त्यासाठी तर माणसं तिथे येतात.

मनोऱ्याच्या भिंतींना खिडक्या नाहीत, भोकं आहेत. गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी, काच नसलेली, आतून लाल रंगाच्या सरकत्या लाकडी जाळ्यांची. एअर कंडिशनरशी लीनाबाईंचं वैर होतं आणि वारा आरपार गेला पाहिजे हा हट्ट. क्रीडांगणांच्या रंगांत चार ऋतू आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं: ती क्रीडांगणं अधिकृत मापाची नाहीत. छताची उंची कमी, कडेची जागा अपुरी. तिथे मान्यताप्राप्त सामना भरवताच येत नाही. ही चूक नव्हे. इथे कुणी विक्रम करायला येऊ नये, पोरंटोरं आणि पोट सुटलेले बाप यांनी चेंडू मारायला यावं, यासाठी घेतलेला तो निर्णय आहे. शंकराचार्यांच्या दाखल्यातली हेतूवाचूनची क्रीडा राजाच्या बागेतून काढून दुकानातल्या नोकरासाठी पाचव्या मजल्यावर आणायची असेल, तर मोजपट्टी आधी फेकावी लागते. अडोर्नोच्या आरोपालाही यापेक्षा चांगलं उत्तर इमारतीच्या भाषेत देता आलं नसतं. कामाची सावली म्हणजे तरी काय? आकडा, क्रमांक, गुणपत्रक. ते जिथे टांगायला जागाच ठेवलेली नाही तिथे सावली निदान पातळ होते.

मालकांच्या पैशानं उभं राहिलेलं केंद्र मालकांच्या मर्जीतलंच राहिलं का? नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथे ‘ओ कोमेसो दो फिम दो मुंदो’ म्हणजे ‘जगाच्या शेवटाची सुरुवात’ नावाचा पंक संगीताचा महोत्सव झाला. कामगार वस्त्यांतली संतापलेली पोरं, कर्कश गिटारी, आणि शेवटी पोलीस. ‘सामाजिक शांतते’साठी पैसे देणाऱ्यांनी हे नक्कीच मनात धरलं नव्हतं. रिकामी जागा दिली की तिच्यात काय भरेल यावर देणाऱ्याचा ताबा राहत नाही, हे हुकूमशाहीच्या काळातही तिथे दिसलं.

आता खुर्ची. नाट्यगृहात रंगमंच मधे आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंना समोरासमोर. आसनं लाकडी, गादीचा मागमूस नाही. तक्रारी आल्या. लीनाबाईंचं उत्तर तयार होतं: ग्रीक आणि रोमन प्रेक्षक दगडावर बसत, मध्ययुगातली नाटकं भर चौकात होत; मऊ आसनं आली ती दरबारी नाट्यगृहांतून आणि आज ती ग्राहकाला सुखावण्यासाठी टिकून आहेत. प्रेक्षकानं रेलून गिळंकृत करू नये, सावध राहून सहभागी व्हावं.

इथे मात्र लीनाबाईंशी वाद घालावासा वाटतो. सेस्क कुणासाठी? दुकानांतल्या, गोदामांतल्या, काउंटरमागच्या नोकरांसाठी. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेल्या बाईला संध्याकाळी कडक फळीवर बसवून सावधपणाचं महत्त्व सांगायचं, यात तिच्या भल्याचा विचार तिच्याहून आपल्याला जास्त कळतो असा भाव आहे. संस्कृती या शब्दाचं दडपण नको म्हणून पाटीवरून तो काढला, आणि तो खुर्चीतून परत आला. सातव्या दिवसाच्या आज्ञेत बैल ओढणं थांबवतो एवढंच आहे. विसाव्यातून त्यानं काही शिकावं अशी अट नाही. क्रीडांगणाच्या मापात ज्या बाईनं माणसांवर विश्वास टाकला, तिनं खुर्चीत तो का आखडता घेतला, हे कोडंच आहे. तरीही आसनं बदलली गेली नाहीत, आणि नाट्यगृह ओस पडलेलं नाही. लोकांनी लीनाबाईंना माफ केलं असावं.

कुरूपतेचा मुद्दा मात्र लीनाबाईंनी स्वतःच अंगावर घेतला होता. साओ पावलोतलं कलासंग्रहालय, १९६८ मध्ये उघडलेलं आणि सत्तर मीटरहून लांब मोकळा गाळा असलेलं, ही त्यांची आधीची गाजलेली इमारत. पोंपेयाचं काम त्याहूनही कुरूप व्हावं, असं त्या म्हणत. उघड्या काँक्रीटच्या या वास्तुशैलीला ब्रुटलिझम म्हणतात. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएच्या मार्सेयमधल्या १९५२ च्या निवासी इमारतीवर लाकडी साच्यांचे वळ तसेच राहिले, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत जगभर नाट्यगृहं, ग्रंथालयं, विद्यापीठं त्याच कपड्यात उभी राहिली. लंडनच्या नॅशनल थिएटरला १९८८ मध्ये तेव्हाच्या युवराज चार्ल्सनी अणुवीजकेंद्राची उपमा दिली. समीक्षक रेनर बॅनहॅमनं १९६६ मध्ये या शैलीवर पुस्तक लिहिलं आणि उपशीर्षकातच प्रश्न घातला: हे नीतिशास्त्र की सौंदर्यशास्त्र? त्याचा स्वतःचा सूर निराशेचा लागला. नीतीची भाषा करत सुरू झालेली चळवळ शेवटी दिसण्यात अडकली, असं त्याला वाटलं.

पोंपेया बॅनहॅमच्या पुस्तकानंतरचं. त्याच्या निराशेला इथे अपवाद सापडतो. संगमरवर आणि काच माणसाला आवाज खाली करायला लावतात. चप्पल पुसून आत यावं, मुलांना आवरावं, कुठे हात लावू नये. साच्याच्या फळीचे डाग मिरवणाऱ्या भिंतीला कुणी घाबरत नाही. तिच्यावर चेंडू आपटला तरी तिचं काही जात नाही. गरिबाच्या ओळखीचं हे सामान आहे. ज्यांनी ते रोज डोक्यावरून वाहिलं तेच तिथे सुट्टीला आले. त्या कुरूपतेत नीती आहे ती एवढीच, आणि ती खूप आहे. अर्थात प्रत्येक उघड्या काँक्रीटच्या इमारतीला हे प्रशस्तिपत्र देता येणार नाही. अनेक ठिकाणी तेच काँक्रीट सरकारी कचेऱ्यांवर चढलं आणि माणसांना लहान करून गेलं. लीनाबाईंनी आपल्या मनोऱ्यांना ‘स्वातंत्र्याची गढी’ म्हटलं. गढीच्या भिंती नेहमी जाडच असतात. बघायचं एवढंच, की आत कोण आहे आणि बाहेर कुणाला ठेवलं आहे.

या जागेची मुंबईशी नाळ एका सालानं जुळते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणगावात दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी पोंपेयाच्या शेड लोकांसाठी उघडल्या. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे तीन वाटे सुचवले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समितीही नेमली गेली. २००१ च्या दुरुस्तीनं वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरण्यांच्या आवारात मॉल, कार्यालयं, पब आणि बोलिंग अ‍ॅली आल्या. फुरसत तिथेही आहे, पण खिशात हात घातल्याशिवाय बसायला खुर्ची नाही. ती मऊ असते, हे मान्य. कामगार आणि मालकांच्या वर्गणीवर चालणारं कामगार कल्याण मंडळ महाराष्ट्राकडे १९५३ पासून आहे. त्याच्या नाट्यस्पर्धांतून कितीतरी नट घडले. म्हणजे सेस्कसारखी यंत्रणा इथे नव्हती असं नाही. जमीन होती, कायदा होता, वर्गणी होती, आर्किटेक्टही होते. ओल्या फरशीवर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांकडे पाहून बेत बदलणारं माणूस योग्य जागी बसलेलं नव्हतं. शहरं अशीही ठरतात, आणि त्याचा दोष काँक्रीटला देता येत नाही.

लीना बो बार्दी १९९२ मध्ये गेल्या. २०१५ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेनं पोंपेयाच्या केंद्राला संरक्षण दिलं, आणि २०२१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला महोत्सवानं लीनाबाईंना मरणोत्तर सुवर्णसिंह बहाल केला. तलाव आणि व्यायामशाळेसाठी सदस्यत्व लागतं. शेकोटीपाशी, त्या खोट्या नदीच्या काठी मात्र कुणीही येऊन बसावं. पत्ता रुआ क्लेलिया, ९३. बार्रा फुंदा हे मेट्रो स्थानक जवळ आहे, सोमवारी केंद्र बंद असतं. नाटकाचं तिकीट काढलंच, तर घडी करून खाली घेता येईल अशी एखादी शाल बरोबर ठेवा.